गुलमर्गातलं बिऱ्हाड

सुहृद दारातच थांबला, नाक वर केलं आणि हुंगलं.

“मटण,” तो म्हणाला.

“काश्मीर आहे, सुहृद. मटण शिजणारच.”

“शिजू दे ना, माझं काही म्हणणं नाही. पण भिंतींना वास बसलाय, शालू. अख्खा हिवाळा या वासात मी काम कसं करायचं?”

त्याचं काम कॉम्प्युटरवर चाले. त्यात नाकाचा संबंध कुठे येतो, हे मी विचारलं नाही. घरमालकीण चुलीजवळ उभी होती. तिला मराठी कळत नव्हतं, पण मुरडलेलं नाक कुठल्याही मुलखात कळतं. तिनं दिलेला मिठाचा गुलाबी चहा सुहृदनं न पिताच खिडकीत ठेवला, दोन्ही हात जोडून “बहुत अच्छा घर है” म्हटलं आणि तो बाहेर पडला. मी दोन्ही कप संपवले. खारट चहा मला मुळीच आवडत नाही, पण दोघांपैकी एकाला तरी वळण आहे हे त्या बाईला कळायला हवं होतं.

बाहेर पांढरं ऊन पडलं होतं. गुलमर्गचं खोलगट मैदान, त्याच्या कडेनं देवदारांचं रान आणि मागे डोंगर. डोंगरावर जाणारा गोंडोला, म्हणजे लोंबत्या डब्यांचा रोपवे, त्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता.

“पुढचं बघू,” सुहृद म्हणाला. तो अजिबात दमलेला दिसत नव्हता.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि सुहृद परचुरेशी माझा साखरपुडा झालेला होता. मे महिन्यात लग्न आणि लगेच सिंगापूर, असं सगळं ठरलेलं. सिंगापुरात बर्फ मिळतो तो सरबतात. मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट होते. काही वर्षांपूर्वी गुलमर्गला कोर्स करून स्कीइंग शिकले होते, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात रजा साठवून आठवडाभर येत होते. आठवडाभरासाठी येणाऱ्याला पावडर मिळाली तर नशिबानंच मिळते. पावडर म्हणजे नुकता पडलेला, पिठासारखा मोकळा बर्फ. त्यातून उतरताना पायांखाली काही आहे असं वाटतच नाही. पण तो टिकत नाही. रात्री पडला की सकाळी जो डोंगराशी हजर असेल त्याचा. दुपारपर्यंत लोक तुडवून त्याचा चिखल करतात. म्हणून ज्याला पावडर हवी त्यानं डोंगराच्या पायथ्याशी बिऱ्हाड थाटावं आणि वाट बघत बसावं. मला आयुष्यात एकदा तसं बसायचं होतं.

सुहृदनं लग्नाचं विचारलं तेव्हा मी त्याला हेच सांगितलं होतं. तो म्हणाला होता, “एवढंच ना? लग्नाआधीचा अख्खा हिवाळा आपण गुलमर्गला काढू. माझं काम काय, कुठूनही होतं. आणि मला स्कीइंग काय नवीन आहे?”

या शब्दावर मी हो म्हटलं. या शब्दावर चांगली चाललेली नोकरीही सोडली.

त्याला स्कीइंग नवीन नव्हतं, कारण साहेब ऑस्ट्रियाला राहून आलेले होते. कंपनीनं त्याला काही महिने तिकडे पाठवलं होतं आणि परत आल्यापासून ऑस्ट्रिया त्याच्या तोंडातून उतरायला तयार नव्हतं. आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये कोणी सिंहगडावरच्या पिठल्याचा विषय काढला तरी हा तीन वाक्यांत आल्प्सवर पोचायचा. तिथला बर्फ कसा कोरडा, तिथल्या लिफ्टा कशा वेळेवर, तिथले लोक कसे रांगेत. एक फोटोही होता. डोळ्यांवर गॉगल, अंगात लाल जॅकेट आणि शेजारी बर्फात उभ्या रोवलेल्या स्की. सगळ्या ग्रुपनं तो पाहिला होता आणि अवाक होऊन पाहिला होता. अवाक होणाऱ्यांत मीही होते, हे सांगितलं नाही तर बाकीच्या सांगण्याला अर्थ नाही.

तर असा हा आल्प्सवीर आणि मी घरं बघत हिंडत होतो. पहिलं एक छोटं हॉटेल होतं. तिथे खालच्या मजल्यावर पर्यटक गाणी लावून नाचतात म्हणून नको. मग एक लाकडी झोपडीवजा घर. कमोडला झाकण नाही म्हणून नको. एका ठिकाणी नेट चांगलं होतं, पंगतीला बसावं तसं पाच जणांचं काम तिथे झालं असतं, पण दार पश्चिमेला होतं. दिशा कळली कारण त्यानं फोनमध्ये होकायंत्र उघडून पुण्याला आईला ती कळवली होती.

“काकूंना काय विचारायचंय त्यात?” मी म्हटलं.

“विचारत नाहीये, सांगतोय फक्त. पण पश्चिमेचं दार तिला नाही चालत.”

“तिला राहायचंय का इथे?”

“शालू, प्रत्येक गोष्टीचा वाद नको करूस.”

मला शालू म्हटलेलंही आवडत नसे. माझं नाव शाल्मली. पण साखरपुडा झालेल्या मुलीनं किती गोष्टींवर बोलायचं याचा एक कोटा असतो आणि माझा तो त्या दोन दिवसांत संपत आला होता.

संध्याकाळच्या सुमाराला आम्ही हाजी मंजूरांकडे पोचलो. मैदानाच्या कडेला त्यांचं लाकडी गेस्टहाउस होतं. हिवाळ्यात ते पुढचा भाग बंद ठेवत आणि स्वतः बायकोसह मागच्या अंगाला राहत. त्यातल्याच दोन खोल्या द्यायच्या होत्या. हाजी भयंकर बढाईखोर माणूस. युरोपातला असा एक स्कीपटू नाही जो आपल्या छपराखाली झोपला नाही, असं ते छातीवर हात ठेवून सांगत होते. भाडंही त्यांनी घरापेक्षा छातीच्या मापानं सांगितलं. पण खोल्या! एक हमामची होती. म्हणजे तिची फरशी दगडी, फरशीखाली लाकडं पेटवायची सोय आणि वर पाऊल ठेवलं की तळव्यांतून ऊब थेट पोटापर्यंत. खिडकीतून अख्खा डोंगर दिसत होता. दार पूर्वेला. कमोडला झाकण. नेटचे सगळे दांडे भरलेले. हाजींच्या बायकोनं स्वयंपाकाला दुधी केला होता.

मी सुहृदकडे बघत राहिले. आता हा काय काढतो ते मला बघायचं होतं.

तो फिरून फिरून घर बघत होता. भिंती ठोकल्या. छताचे फोटो काढले. फरशीखालच्या धुरानं माणसं मरतात का, असं हाजींना विचारलं. हाजी म्हणाले, “मेरे वालिद साहब नब्बे साल जिए इसी पे लेट के.” मग सुहृद बराच वेळ खिडकीशी उभा राहिला, डोंगराकडे तोंड करून.

“बघू,” तो शेवटी म्हणाला.

“काय बघू? हेच घर. याच्यात काय खोट आहे?”

“खोट नाही गं. पण राहून बघितल्याशिवाय कळत नाही. आज राहू, उद्या ठरवू.”

हाजींनी विचारलं तेव्हा त्यानं “मियाँ-बीवी हैं” असं बिनदिक्कत सांगून टाकलं. खोटं बोलताना त्याचा आवाज जरासुद्धा बदलत नसे. तेव्हा मला ते सोयीचं वाटलं.

आम्ही सामान लावत होतो तेव्हा न्हाणीघरातून बारीक धार लागल्याचा आवाज येत होता. सुहृद तिकडे गेला आणि आवाज थांबला.

“नळ बंद केलास का?” मी विचारलं.

“मग? वाहत होता की. काय लोक आहेत! एवढं पाणी फुकट चाललंय आणि कोणाला पत्ता नाही.”

“अरे, मुद्दाम चालू ठेवतात तो. थंडीत नळीतलं पाणी थांबलं की गोठतं आणि नळी फुटते. कोर्सला होतो तेव्हा आम्हाला पहिल्या दिवशी हेच बजावलं होतं. बारीक धार रात्रभर चालू ठेवायची.”

“मला नाही जमत बाबा. वाहता नळ दिसला की माझा हात आपोआप तोटीकडे जातो. आमच्या सोसायटीत टँकर येतो, माहितीये ना?”

“इथे टँकर येत नाही, बर्फ येतो. बर्फाचंच पाणी आहे ते.”

“बरं बाई, ठेव चालू,” तो हसून म्हणाला. मी जाऊन धार लावली. पुण्याच्या माणसाला वाहता नळ बघवत नाही, यात मला तेव्हा थोडं कौतुकच वाटलं. आपल्याकडे सगळे असेच वाढलेले असतात. माझ्या वडिलांनीही परक्याच्या घरचे नळ उठून बंद केले असते.

जेवणाच्या वेळेला बर्फ सुरू झाला. वारा नाही, काही नाही, नुसता पडत राहिला. झोपेपर्यंत मी खिडकीतून उठले नाही.

सकाळी डोळे उघडले तर कुंपण गायब होतं. हाजींच्या अंगणातली लाकडाची मोळी, तिच्यावर ठेवलेली घमेली, सगळं एका गुबगुबीत पांढऱ्या उशीखाली. मला ओरडावंसं वाटलं. वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहिली ती सकाळ अंथरुणातून हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ होती. मी सुहृदला हलवून उठवायला वळले, तर तो आधीच उठलेला, स्वेटर घालून, न्हाणीघराच्या दारात उभा.

“पाणी नाही,” तो म्हणाला.

नळाची तोटी घट्ट आवळलेली होती. मी ती सोडली. काहीच आलं नाही. भिंतीलगतची नळी सांध्यापाशी तडकली होती आणि तड्यातून बर्फाची जीभ बाहेर आली होती.

“सुहृद, तू नळ बंद केलास?”

“मी? छे. म्हणजे आठवत नाही. झोपेत हात गेला असेल सवयीनं. पण शालू, मुद्दा तो नाहीये. एक नळ बंद केला तर ज्या घराची नळी फुटते, त्या घरात आपण हिवाळा काढायचा?”

हाजी आले, त्यांनी नळीकडे पाहिलं, तोटीकडे पाहिलं आणि सुहृदकडे पाहिलं. आदल्या दिवशी इतकं बोलणारा तो माणूस आता मूग गिळून बसला. “होता है,” एवढंच म्हणाला आणि गोणपाट आणायला गेला. सुहृदनं साधं सॉरीसुद्धा म्हटलं नाही. उलट हाजी पाठमोरे झाल्यावर मला म्हणाला, “बघितलंस? ह्यांचं मेंटेनन्स नावाचं काही नाहीच.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाहेर बर्फ होता. मी राग बाजूला ठेवला.

“ते जाऊ दे. चल आधी डोंगरावर.”

“थांब, महत्त्वाचं ऐक. श्रीनगरला एक फ्लॅट मिळतोय. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीचा. राजबागेत, सेंट्रल हीटिंग, बाथरूममध्ये गरम पाणी, खाली बेकरी. माझं बोलणं झालंय.”

“केव्हा झालं बोलणं?”

“पुण्याहून निघायच्या आधीच. पण म्हटलं, तुला इथली घरं बघायचीत तर बघू देत.”

“श्रीनगर? सुहृद, तिथून इथे यायला चांगल्या दिवशी दोन तास लागतात. आणि बर्फ पडला की शेवटचा घाट बंद होतो. मशीन येऊन रस्ता साफ करेपर्यंत दुपार होते. पावडरच्या दिवशीच आपण पोचणार नाही!”

“रोज थोडाच बर्फ पडतो? बाकीच्या दिवशी येऊ की. प्रॅक्टिकल हो जरा.”

“बाकीच्या दिवशी यायचं असतं तर मी नोकरी कशाला सोडली?”

त्यावर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. समजूतदार माणसानं हट्टी मुलावर ठेवावा तसा. “शालू, अख्खा हिवाळा पडलाय. आज आपण खाली जाऊन फ्लॅट बघून येऊ.”

“रस्ता बंद आहे,” मी म्हटलं. “आज कोणी खाली जात नाही. आज फक्त वर जाता येतं. तू माझ्याबरोबर एकदा वरून खाली ये. एकदाच. मग तू म्हणशील ते घर.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. नाही म्हणायला त्याच्याजवळ आता एकही घर उरलं नव्हतं.

गोंडोलाजवळच्या दुकानात ही झुंबड होती. वरचा टप्पा बंद होता, हिमकडे कोसळायची भीती होती, पण खालचा चालू होणार होता आणि मधल्या रानातला बर्फ अजून कोणी शिवलाही नव्हता. लोक लहान मुलांसारखे एकमेकांना ढकलत होते. बूट आणि स्की माझ्या स्वतःच्या होत्या. सुहृदनं भाड्यानं घेतल्या. दुकानदारानं माप विचारून बुटांचा जोड त्याच्याकडे सरकवला आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. सुहृद बाकावर बसून बूट घालू लागला. मी बाहेर जाऊन माझे बूट बांधले. थोड्या वेळानं तो दारातून बाहेर आला, पाय फेंगाडे टाकत.

स्कीचे बूट कडक प्लास्टिकचे असतात, पार नडगीपर्यंत येणारे. ते आवळायच्या कड्या बाहेरच्या अंगाला असतात. हे कोणी लक्षात ठेवत नाही, कारण ते विसरता येत नाही. पहिल्या दिवशी, पहिल्यांदा पाय घालतानाच ते कळतं.

सुहृदच्या कड्या आतल्या अंगाला होत्या. एकमेकींवर खटखट आपटत होत्या. डावा बूट उजव्या पायात आणि उजवा डाव्यात.

मी त्याच्या पायांकडे बघत राहिले. हा माणूस कधीच बर्फावर उभा राहिलेला नव्हता. ऑस्ट्रियात नाही, कुठेच नाही. कोणाच्या तरी स्की शेजारी रोवून त्यानं फोटो काढून घेतला होता आणि त्यावर तीन वर्षं तो जेवत होता.

मग बाकीचंही एकेक करून जागेवर बसलं. मटणाचा वास, नाचगाणी, पश्चिमेचं दार. त्या घरांमध्ये काहीही वाईट नव्हतं. ती डोंगराच्या फार जवळ होती, एवढीच त्यांची चूक. श्रीनगरचा फ्लॅट त्याला पसंत होता तो बर्फ पडला की रस्ता बंद होतो म्हणूनच. पावडरच्या प्रत्येक सकाळी आम्ही हीटरजवळ बसून हळहळलो असतो, खालच्या बेकरीतली बिस्किटं खाल्ली असती आणि एप्रिलमध्ये पुण्याला जाऊन यानं ग्रुपला सांगितलं असतं, “रोडच बंद असायचा यार, नाहीतर...” आणि नळाची तोटी झोपेत, सवयीनं आवळली गेली नव्हती. मी सांगितलेलं त्याला नीट ऐकू आलं होतं. हाजींच्या घरात खोट सापडेना, म्हणून त्यानं ती स्वतःच्या हातानं करून ठेवली होती.

त्याला भीती वाटत होती, यात काही लाजण्यासारखं नव्हतं. नुसतं म्हणाला असता ना, शाल्मली, मला येत नाही, मला भीती वाटते, तर मी पावडर बिवडर सोडून त्याला लहान पोरांच्या उतारावर नेलं असतं. हात धरून शिकवलं असतं, आठवडा लागू दे नाहीतर महिना. त्याऐवजी त्यानं एका बाईच्या स्वयंपाकाला नाक मुरडलं, एका म्हाताऱ्याची नळी फोडली आणि माझा एकुलता एक हिवाळा गुपचूप बंद करायला घेतला. एवढं सगळं एक वाक्य बोलावं लागू नये म्हणून.

“रांग बघ केवढी आहे,” तो म्हणाला. “तू हो पुढे. मी खालून तुझे मस्त फोटो काढतो. फ्लॅटवाल्यालाही फोन करून टाकतो तेवढ्यात.”

“कर,” मी म्हटलं. “घेऊन टाक तो फ्लॅट.”

त्याचा चेहरा उजळला. “पटलं ना शेवटी?”

“पटलं. तुझ्यासाठी त्याहून सोयीचं घर मिळणार नाही. मी हाजींकडे राहते.”

“म्हणजे? शनिवार-रविवार तू खाली येणार?”

“नाही. तू खाली राहा, मग सिंगापूरला जा. मी येत नाही. काकूंना तू सांगतोस की मी सांगू?”

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग आजूबाजूला कोणी मराठी माणूस नाही ना, हे त्यानं आधी पाहून घेतलं.

“शालू, एका नळावरून तू लग्न मोडतेस?”

खरं सांगता आलं असतं. पण खरं सांगायलाही समोरच्या माणसाबद्दल मनात काहीतरी शिल्लक असावं लागतं, निदान राग तरी. मी शोधून पाहिलं. काहीच नव्हतं.

“हो,” मी म्हटलं. “नळावरून.”

पुण्यात आजही हेच सांगतात. परचुऱ्यांच्या नात्यात तर माझी ओळखच नळवाली अशी आहे. मी कधी कोणाची चूक दुरुस्त केली नाही.

गोंडोला सुरू झाल्याची घंटा वाजली. माणसांची लाट दरवाज्याकडे सरकली. मी स्की खांद्यावर घेतल्या. सुहृद तिथेच उभा होता, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर.

“अगं, निदान एक मिनिट थांब,” तो कळवळून म्हणाला. “हे बूट बघ ना, जीव जायची वेळ आलीये. काय भयंकर टोचतायत. ऑस्ट्रियातले असे नव्हते. इथले असेच असतात का?”

मी त्याच्या पायांकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं.

“असेच असतात,” मी म्हटलं आणि रांगेत जाऊन उभी राहिले.